कांदा सडला तर आधी चाळ बघतात : कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा थोडा इतिहास

मागच्या महिन्यात घरी, लासलगावला गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर मावसभावाचा फोन आला. यंदाच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलाय, शहरात खोली घेऊन राहतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "ताई, मला नाही जमत हे. आपल्यासारख्यांचं डोकं नसतं ह्याच्यासाठी."

मी त्याला लगेच काही बोलले नाही. कारण दहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतःला ऐकवलं होतं. पहिल्या सत्राच्या चाचणीत फिजिक्समध्ये वीसपैकी चार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी नावाला इंग्रजी. वर्गात सर 'ऑब्व्हियसली' म्हणाले की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण पुढची पायरी मला कधीच ऑब्व्हियस नसायची. वडील फोनवर म्हणाले होते, "नसेल जमत तर ये परत, घर आहेच." त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. मला मात्र त्यात परतीची एसटी दिसत होती.

नेहमी मी इथे कांद्याच्या सुप्तावस्थेबद्दल लिहिते, कोंब का फुटतो, साठवणुकीत काय बिघडतं वगैरे. आज विषय वेगळा आहे, पण तुमच्या कामाचा. तुमच्यातले बरेच जण संशोधनाच्या तयारीत आहात. एक साधा प्रश्न घेऊ : कॉलेजात नव्याने आलेला विद्यार्थी कशामुळे टिकतो? आणि त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात शोधू. शोधताना कुठे फसायला होतं, तेही पाहू.

निफाडचा मुलगा

सुरुवात आमच्याच तालुक्यापासून. लासलगाव निफाड तालुक्यात येतं. ह्याच निफाडला 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. बालपण कोल्हापुरात गेलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. मुंबई विद्यापीठ 1857 चं. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 ला झाली, तेव्हा शंभरावर मुलं बसली आणि पास झाली ती जेमतेम वीस-बावीस. त्यात रानडे होते. 1862 मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते चार जण : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

ही गोष्ट शाळेत सांगतात तेव्हा सार एकच असतं : हुशारी आणि कष्ट. दोन्ही होतेच, वाद नाही. पण एक तपशील आपण गाळतो. रानडे 'दक्षिणा फेलो' होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटायची प्रथा होती. इंग्रजी अमलात ती चालू राहिली आणि पुढे त्या पैशातला काही भाग नव्या शिक्षणाकडे वळवला गेला. त्यातून हुशार विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळू लागली. फेलोने स्वतः शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचंही. म्हणजे पैशाची चिंता कमी, ग्रंथालय हाताशी, शिक्षकांशी रोजचा संबंध, आणि शिकवण्यामुळे स्वतःचा विषय पक्का.

जेआरएफच्या तयारीत असलेल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? पहिल्या चार पदवीधरांपैकी आपल्या तालुक्यातला एक जण फेलोशिपवर शिकला. आणि ही फेलोशिप ज्या निधीतून आली, तो मुळात कोणत्या जातीसाठी होता, हेही विसरू नका. ते पुढे लागणार आहे.

रस्त्यावरचा दिवा

आपल्याकडे प्रत्येक थोर माणूस रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेला असतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्टही अशीच सांगतात. पण त्या दिव्यामागे एक भाऊ उभा आहे. वडील लवकर गेले, थोरले बंधू गोविंदराव नोकरीला लागले. पगार महिना 15 रुपये, त्यातले 8 ते गोपाळला पाठवत आणि 7 रुपयांत स्वतःचं घर चालवत. गोखले 1884 ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. आपण दिव्याचं चित्र काढतो, पण 8 रुपयांचं काढत नाही.

आता ह्याच्या शेजारी लोकमान्य टिळकांचं उदाहरण ठेवून बघा. 1873 च्या सुमारास टिळक डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा प्रकृती किरकोळ होती. त्यांनी पहिलं वर्ष तालीम, पोहणं, खाणंपिणं ह्यात घालवलं, शरीर कमावलं, आणि अभ्यासाचं वर्ष वाया जाऊ दिलं. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. गोष्ट मजेदार आहे, खरीही आहे. पण संशोधकाने इथे विचारावं : वर्ष वाया घालवणं कुणाला परवडतं? टिळकांचे वडील मॅट्रिकच्या आधीच गेले होते, पण काकांचा आधार होता, घरची थोडी शिल्लक होती. गोविंदरावांच्या 7 रुपयांच्या संसारात एक वाया गेलेलं वर्ष बसलं असतं का? नसतंच. त्या वर्षाचं पुढे काय होणार, हे मागे कोण उभं आहे ह्यावर ठरत होतं.

खोली, दिवा आणि पुस्तक देणारा माणूस

मागे काहीच नसेल तर?

भीमराव आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक झाले. परळच्या चाळीत सगळ्या कुटुंबाला मिळून एक खोली. रात्री लवकर झोपायचं आणि दोनच्या सुमाराला वडील रामजी सुभेदार त्यांना उठवायचे, कारण तेव्हाच खोलीत शांतता असायची. मुलाला उठवायचं म्हणून बाप स्वतः जागा राहायचा. मॅट्रिकच्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. हे केळुसकर त्यांना आधी बागेत वाचत बसलेले पाहत आणि पुस्तकं आणून देत. पुढे कॉलेजात पैशांची ओढाताण झाली तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टनमध्ये प्रा. म्युलर त्यांना स्वतःची पुस्तकं वाचायला देत. त्याच कॉलेजच्या आवारातला हॉटेलवाला मात्र त्यांना चहा-पाणी देत नसे.

हे सगळं एका यादीत मांडा. एक खोली, वेळेची सोय, उठवणारा बाप, पुस्तक देणारे गुरुजी, 25 रुपये, पुस्तकं उसनी देणारा प्राध्यापक. आणि समोर, रोज अपमान करणारा एक हॉटेलवाला. बुद्धी प्रचंड होती. तरीही ती 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोहोचली ती ह्या माणसांच्या साखळीवरून. एक कडी तुटली असती तर?

आणि ह्याच प्रश्नावर ते स्वतः पुढे काय करतात बघा. त्यांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तासांची वेळ सकाळची ठेवली, म्हणजे मुलाला तास करून नोकरीवर जाता येईल. 1950 मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाचं काम उभं राहिलं, तिथे वसतिगृहाची सोय आवारातच. स्वतःला जे योगायोगाने मिळालं, ते इतरांना योगायोगाशिवाय मिळावं, अशी ही रचना होती. मला बाबासाहेबांच्या शिक्षणातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

बोर्डिंगची पन्नास वर्षं

ही रचना त्यांच्याही आधी महाराष्ट्रात सुरू झाली होती, आणि तिचं नाव होतं 'बोर्डिंग'. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं "तो बोर्डिंगात शिकला" असं अभिमानाने सांगतात.

1901 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत असं करत कोल्हापूर वसतिगृहांचं गाव झालं. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. महाराजांनी पाहिलेली अडचण साधी होती : खेड्यातला मुलगा फी भरू शकला तरी राहणार कुठे आणि जेवणार कुठे? सगळ्यांना माधुकरी मागता येत नव्हती, आणि मागितली तरी सगळ्यांना मिळत नव्हती. दक्षिणा ज्यांच्यासाठी होती, त्यांच्याकडे शिकण्याची जुनी वाट होती. बाकीच्यांसाठी ती नव्याने पाडावी लागली.

ह्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्याला काढून टाकलं. स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोहोचला नाही. पण 4 ऑक्टोबर 1919 ला त्याने काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींच्या मुलांचं, एका पंगतीत जेवणारं. पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, 'कमवा आणि शिका' ह्या तत्त्वावर. आपल्या पुणे विद्यापीठातली कमवा व शिका योजना आजही कर्मवीरांच्या नावाने चालते. तुमच्या कॉलेजात ग्रंथालयात पुस्तकं लावणारा, बागेला पाणी देणारा मुलगा त्या योजनेतला असेल.

आणि नाशिक? 1914 मध्ये इथे मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसवायला एप्रिल 1920 मध्ये खुद्द शाहू महाराज नाशिकला आले होते. निफाड, येवला, सिन्नर, चांदवड अशा गावांतली मुलं नाशिकला शिकायला राहू शकली, त्यामागे अशी बोर्डिंगं होती. आमच्या भागातले जुने शिक्षक, वकील, डॉक्टर ह्यांना त्यांच्या शिक्षणाबद्दल विचारून बघा. वर्गातलं फारसं आठवत नाही, पण बोर्डिंगमधली पहाटेची घंटा आणि वरच्या वर्गातला अमका तमका दादा मात्र नक्की आठवतो.

हा 'वरच्या वर्गातला दादा' महत्त्वाचा आहे. थोडं थांबा, त्याच्याकडे येते.

थोडी शंका घेऊ

आता संशोधक म्हणून स्वतःलाच अडवा. वर मी जेवढी नावं घेतली, ती सगळी यशस्वी झालेल्यांची आहेत. जे पहिल्या वर्षी घरी परतले, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. 1859 च्या मॅट्रिकला नापास झालेल्या शंभरएक मुलांपैकी किती जण रानड्यांइतकेच हुशार होते, हे आपल्याला कसं कळणार? फक्त पोहोचलेल्यांकडे बघून 'पोहोचण्याची कारणं' काढली की हमखास चूक होते. ही चूक लिटरेचर रिव्ह्यूत करू नका, आणि स्वतःच्या बाबतीतही करू नका.

दुसरी शंका. बोर्डिंगातली मुलं पास झाली ती बोर्डिंगमुळे, की मुळात चुणचुणीत मुलंच बोर्डिंगात घेतली जात होती म्हणून? दोन्ही कारणं एकत्र गुंतलेली आहेत. चरित्रं वाचून ती सुटी होत नाहीत. त्यासाठी तुलना लागते.

बर्कलीतला दादा

अशी तुलना करून पाहणाऱ्या एका माणसाचं काम मला फार आवडतं. यूरी ट्राइसमन. 1970 च्या दशकात ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला होते. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अडकत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगलं करत होते. ट्राइसमन ह्यांनी आधी प्राध्यापकांना विचारलं, कारण काय असेल? उत्तरं आली ती तुम्हीही ऐकलेली आहेत : जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी.

त्यांनी ही उत्तरं गृहीत धरली नाहीत. दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि महिनोन्महिने त्यांच्या मागे राहिले : ते कुठे बसतात, कसा अभ्यास करतात, कुणाशी बोलतात. आणि प्राध्यापकांची चारही कारणं गळून पडली. मुलं जिद्दी होती, घरचा पाठिंबा होता, अनेक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. कृष्णवर्णीय मुलं अभ्यास एकटीच करत. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. चिनी मुलं आधी एकटी बसून गणितं सोडवत आणि मग एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहत. 'हे सगळ्यांनाच अवघड गेलंय' आणि 'हे फक्त मलाच जमलं नाही' ह्यातला फरक त्यांना कळत होता. एकट्याला तो कळत नाही. त्याला वाटतं, आपलंच डोकं नाही.

मग ट्राइसमन ह्यांनी काय केलं? 'कच्च्या मुलांचे जादा तास' सुरू केले नाहीत. उलट गट करून नेहमीपेक्षा *अवघड* गणितं दिली. कार्यशाळेतल्या मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले. 'तू मागे आहेस, तुला सावरतो' असं सांगितलेलं मूल आणखी मागे सरकतं. 'ये, हे अवघड आहे, मिळून सोडवू' असं म्हटलेलं मूल पुढे येतं.

हे मी एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा वाचलं आणि वाचता वाचता थांबले. कारण मला माझ्या हॉस्टेलमधली सीनियर ताई आठवली. वीसपैकी चार मिळाल्यावर मी बॅग भरायला घेतली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "रविवारी माझ्या खोलीत ये, आम्ही चौघी बसतो. पण गणितं आधी सोडवून आण. चुकलेली चालतील, कोरी वही चालणार नाही." पहिल्या रविवारी कळलं की तिसरं गणित चौघींपैकी कुणालाच आलेलं नव्हतं. त्या दिवशी मी बॅग परत कपाटावर ठेवली.

त्या ताईने ट्राइसमन वाचला नव्हता. बोर्डिंगमधल्या दादानेही नाही. पण पद्धत तीच.

मग पहिल्या वर्षी काय करायचं?

उपदेश थोडक्यात देते, कारण तो तुम्ही खूप ऐकलाय.

*गट लवकर धरा.* आमच्या कांद्यावरून सांगते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' विकिरण केंद्र आहे. कोंब येऊ नये म्हणून कांद्याला तिथे गॅमा किरणांची अगदी कमी मात्रा देतात. पण ती द्यायची काढणीनंतर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच. आत कोंब हलायला लागल्यावर दिली तर तिचा तसा उपयोग राहत नाही. मदतीचंही असंच. पहिल्या चार-सहा आठवड्यांत मिळालेला एक सोबती, निकालानंतरच्या दहा समुपदेशनांपेक्षा जास्त कामाचा.

*आधी एकट्याने, मग एकत्र.* हा क्रम बदलू नका. नुसतंच एकत्र बसलं की चहा होतो, अभ्यास होत नाही.

*भाषेची लाज सोडा.* संकल्पना मराठीत समजून घ्या, उत्तर इंग्रजीत लिहा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते वापरा. मी अजूनही वापरते.

*एका शिक्षकाला तरी तुमचं नाव माहीत असू द्या.* म्युलर सगळ्यांना भेटत नाहीत. पण दार वाजवल्याशिवाय तर कुणालाच भेटत नाहीत.

*पैशाचं मागायला लाजू नका.* कमवा व शिका, स्वाधार, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, जे लागू असेल त्याचा अर्ज वेळेत भरा. रानडेही फेलोशिपवर शिकले.

आणि तुम्ही सीनियर असाल, तर ही यादी उलटी वाचा. कुणाचं तरी दार तुम्हाला वाजवायचं आहे.

चाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील चाळीत उन्हाळ कांदा चाळवत होते. एका कोपऱ्यातला माल खराब निघाला. त्यांनी कांद्याला शिव्या घातल्या नाहीत. खाली वाकून फळ्यांमधली फट पाहिली, बाजूची जाळी पाहिली आणि म्हणाले, "इथं वारा खेळत नाहीये." बियाणं तेच होतं, शेत तेच, चाळीचा फक्त कोपरा वेगळा.

मी मावसभावाला फोन लावला. विचारलं, गणितं एकटा सोडवतोस का? म्हणाला, हो. वर्गात कुणाशी बोलतोस? म्हणाला, रूमवर येऊन झोपतो. मग मी त्याला डोक्याबद्दल काहीच बोलले नाही. एवढंच सांगितलं, "रविवारी तीन जण शोध. गणितं आधी सोडवून न्यायची. चुकलेली चालतील."

काल त्याचा मेसेज आला : "ताई, तिसरं कुणालाच आलं नाही."